सेहेचाळीस कोटींची बेरीज

माळेगावची यात्रा तोंडावर आली की नांदेड-लातूरकडच्या छोट्या स्टुडिओंत खंडोबाच्या नव्या गाण्यांची घाई उडते. असं एखादं गाणं संगणकाच्या पडद्यावर कसं दिसतं, ते डोळ्यांसमोर आणा. एकाखाली एक आडव्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक. मुख्य गायकाचा एक. त्याच ओळी त्याच्याकडून पुन्हा गाऊन घेतल्या, त्यांचा दुसरा. कोरसचे आठ. दिमडी, तुणतुणं, घाटी, हलगी यांचे एकेक, ढोलकीच्या दोन तोंडांचे दोन. मग कीबोर्डवरची सनई, बासरी, व्हायोलिनं, खालून चालणारा बेस, टाळ्या आणि मधूनच उठणारी ‘येळकोट येळकोट’ची गर्जना. मोजत गेलं तर सहज चाळीस भरतात.

आता हिशेब करू. संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. माइकपाशी हवेचा दाब किती हलला, ते सेकंदाला ४८,००० वेळा मोजायचं आणि मांडून ठेवायचं. चार मिनिटांच्या गाण्यात एका ट्रॅकचे १ कोटी १५ लाख २० हजार आकडे होतात. चाळीस ट्रॅकचे ४६ कोटी ८ लाख. मिक्सिंग म्हणजे गणिताच्या नजरेतून फक्त एवढंच: दर क्षणाचे हे चाळीस आकडे, कुणाला थोडं वाढवून, कुणाला थोडं घटवून, एकत्र मिळवायचे. शाळेत पहिलीला शिकवतात ती बेरीज. साधा लॅपटॉप ती काही सेकंदांत उरकतो.

तरी हे गाणं मिक्स व्हायला एक-दोन दिवस जातात. कधी आठवडा जातो. संगणकाला सेकंद पुरतात, मग माणसाला दिवस कशाला लागतात?

याचं उत्तर त्या बेरजेच्या उत्तरात आहे. चाळीस आकडे मिळवले की दर क्षणाला एकच आकडा उरतो. डाव्या-उजव्या स्पीकरचे धरले तर दोन. त्या आकड्यात दिमडी किती आणि तुणतुणं किती, याची नोंद कुठेही राहत नाही. कुणी नुसता ७ दाखवला आणि विचारलं, हे ३ आणि ४ होते की ५ आणि २, तर काय सांगणार? पण तेच गाणं पाच वर्षांच्या पोराला ऐकवा आणि म्हणा, ‘तुणतुणं ऐक बरं.’ ते ऐकतं. सुटं करून ऐकतं. एका आकड्यातून चाळीस परत काढणं गणिताला जमत नाही, आणि पोर खेळता खेळता ते करतं.

कानाची ही करामत यात्रेत गेलं की आणखी थक्क करते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला घोड्या-उंटांचा बाजार भरतो, तंबूंतून लावण्या चालू असतात, पाळणेवाल्यांचे भोंगे वेगळेच. हे सगळे आवाज हवेत मिसळतात आणि जेमतेम एक सेंटीमीटर रुंदीच्या पडद्यावर येऊन आदळतात. त्या पडद्याला एका वेळी एकाच तऱ्हेने हलता येतं, आत किंवा बाहेर. तेवढ्या हलण्यातून आई आपल्या लेकराची हाक ओळखते आणि वळून बघते. कॉलिन चेरी नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये या कोड्यावर प्रयोग केले आणि त्याला मेजवानीच्या गलक्यावरून नाव दिलं. बिचाऱ्याने माळेगाव पाहिलं नव्हतं.

पुढे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले अल्बर्ट ब्रेगमन यांनी उभी हयात याच प्रश्नात घालवली आणि १९९० मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मेंदू ही निवड काही खुणांवरून करतो, असं त्यांनी दाखवलं. जे सूर एकाच क्षणी सुरू होतात ते एकाचेच असणार. ज्यांची कंपनसंख्या एकाच मूळ संख्येच्या दुपटी-तिपटीत बसते ते एकाच गळ्यातले. जे एकत्र वर-खाली होतात ते सोबती. जे एका दिशेने येतात ते एका जागचे. या खुणा शाबूत असल्या की मेंदू आवाज सोडवतो. त्या पुसल्या गेल्या की सगळा गलबला होतो.

लातूरच्या आडतीत तूर, मूग आणि हरभरा एकाच पोत्यात ओतायला क्षण पुरतो. पुढे कोण निवडत बसणार हा खरा प्रश्न असतो. मिक्सिंग करणारा ओततोच, पण असा ओततो की ऐकणाऱ्याच्या मेंदूला दाणा न् दाणा निवडता यावा. त्याचे दोन दिवस जातात ते या खुणा जपण्यात.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते एकमेकांना झाकणं. कानाच्या आत एक शंखाकृती नळी असते, अडीच वेढ्यांची. उलगडली तर भरेल सुमारे ३५ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढीही नाही. तिच्यात ओळीने बसलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास केसपेशी मेंदूला आवाजाची खबर देतात. तोंडापाशी बारीक, चिरके सूर उमटतात, टोकापाशी जाड, खर्जातले. दोन आवाज या नळीत शेजारी शेजारी उमटले तर त्यांतला मोठा लहानाला गिळतो. लहान आवाज रेकॉर्डिंगमध्ये असतो, स्पीकरमधून बाहेरही पडतो, कानात शिरतो, आणि तरी ऐकू येत नाही. त्यातही जाड आवाज बारकाला जितका झाकतो, तितका बारका जाडाला झाकत नाही. म्हणून ढोलकीचा घुमारा आणि बेस सैल सोडला की त्याच्या वरचं सगळंच मळकट होतं.

गायक हेडफोन काढतो आणि तक्रार करतो, ‘भाऊ, गाणं भारी झालंय, पण माझा आवाज दबायलाय.’ नवशिका माणूस लगेच आवाजाचा फेडर, म्हणजे पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी, वर सरकवतो. मग ढोलकी बारीक वाटू लागते, ती वर जाते. मग सनई. तासाभराने सगळे फेडर छताला टेकलेले असतात आणि आवाज होता तिथेच दबलेला असतो. जाणता माणूस आवाजाला हातही लावत नाही. शब्द कळतात ते व्यंजनांवरून, आणि ‘क’, ‘ट’, ‘त’, ‘स’ यांचा जीव अगदी थोडा असतो. त्यांची ओळख मुख्यतः २,००० ते ८,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, पट्ट्यात असते. स्वर मात्र त्याच्या खाली दांडगेपणाने नांदतात. त्या वरच्या पट्ट्यात कीबोर्डची व्हायोलिनं पसरून बसलेली असतात. जाणता माणूस त्यांना तेवढ्याच पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली घेतो. गाणं ऐकताना व्हायोलिनं कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. शब्द मात्र एकदम पुढे येऊन उभे राहतात. हे पहिल्यांदा कुणी करून दाखवलं की हातचलाखी वाटते: हात एका ट्रॅकवर आणि उजेड दुसऱ्यावर.

आपला कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट का असतो, त्यालाही सुरेख कारण आहे. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची वाट सुमारे अडीच सेंटीमीटरची, एका बाजूने बंद असलेली नळी. बासरी जशी तिच्या लांबीप्रमाणे बोलते, तशी ही नळीही ३,००० हर्ट्झच्या आसपास आपसूक घुमते. बाळाच्या किंचाळण्याचा जोर बराचसा याच भागात असतो. हलगीची काडी, घाटीचा खणखणाट आणि मुरळीच्या गळ्याची धारही तिथेच. सगळ्यांना एकाच ओसरीवर बसायचं असतं. चाळीस ट्रॅकपैकी कोणी कुठे सरकायचं, हे जोडीजोडीने ऐकून ठरवावं लागतं. चाळीसांच्या जोड्या ७८० होतात. सगळ्या तपासाव्या लागत नाहीत, पण वेळ कुठे जातो त्याचा अंदाज यावा.

मग येते ती बेरीज जिच्यात एक आणि एक मिळून शून्य होतं. हलगीला दोन माइक लावले, एक जवळ आणि दुसरा त्याहून ३४ सेंटीमीटर लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे दुसऱ्या माइकला तो एक सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. ५०० हर्ट्झच्या सुराचं या वेळात बरोबर अर्धं कंपन होतं. पहिला माइक म्हणतो दाब वाढला, दुसरा म्हणतो घटला. दोघांना मिळवलं की तो सूर नाहीसा. त्यांच्यातल्या पातळीच्या फरकामुळे प्रत्यक्षात थोडंफार उरतं, पण दणदणीत वाजलेली हलगी पत्र्याचा डबा वाजल्यासारखी लागते. कुणी म्हणतं माइक हलका होता, कुणी म्हणतं कातडं नीट तापलं नव्हतं. दुसऱ्या माइकचा ट्रॅक केसभर अलीकडे सरकवला की हलगी परत येते. मिरवणुकीच्या गाडीवर एका बेसची तार उलटी जोडली गेली की हाच चमत्कार रस्त्यावर होतो: दोन बॉक्स असूनही मधोमध उभ्या माणसाच्या छातीत काही धडधडत नाही.

नांदेड-लातूरच्या घरगुती स्टुडिओत वेळ खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे खोली. दहा बाय दहाची, वर छतही दहा फुटांचं. अशा खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींमध्ये अडकून उभा राहतो: भिंतीलगत तो दणकतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणून तिन्हींचा खोडसाळपणा एकाच सुरावर. आणि खुर्ची नेमकी मधोमध. तिथे बसलेल्या माणसाला बेस कमी वाटतो, तो वाढवतो. बाहेर जाऊन गाडीत ऐकतो तर काचा थरथरतात. परत येतो, कमी करतो, परत जातो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची पद्धत सगळीकडे आहे. ते बारीक आवाजाची खणखण थोडी घटवतात, पण या खर्जापुढे त्यांचं काही चालत नाही. त्याची एक लाट सहा मीटर लांब असते, ट्रेची खोली दोन इंच. खुर्ची फूट-दोन फूट मागेपुढे सरकवणं जास्त कामाला येतं आणि फुकट होतं.

एके काळी या सगळ्याला शून्य मिनिटं लागत. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या घेतल्या, तेव्हा माइक नव्हता, वीज नव्हती, फक्त कर्णा होता. गळ्याच्या जोरावर सुई हलायची आणि मेणात चर पडायचा. त्या काळी मिक्सिंग व्हायचं ते पायांनी. ज्याचं वाद्य दणदणीत तो मागे, ज्याचं नाजूक तो कर्ण्याजवळ. तार सप्तकात जाताना गाणाऱ्याने मान मागे घ्यायची. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत मिक्स. पुढे १९२५ च्या सुमाराला माइक आला, तरी सगळ्यांनी एकत्र बसून एकदाच वाजवायचं, हा रिवाज बराच काळ टिकला. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभराहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला ‘गीतरामायणा’चं एक नवं गाणं जात होतं. एकूण ५६. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, वादकांबरोबर बसवायचं आणि ठरलेल्या सकाळी ते महाराष्ट्राच्या कानावर पडायचं. आठवड्याच्या त्या वेळापत्रकात ‘जरा सनई कमी करून बघू’ला जागाच नव्हती. ती कमी-जास्त करण्याची अक्कल वाजवणाऱ्याच्या फुंकेत असावी लागे. तशा रेकॉर्डिंगमध्ये जो तोल दिसतो तो निम्मा तंत्रज्ञाचा आणि निम्मा त्या बैठकीतल्या शिस्तीचा असतो. मला तो दुसरा निम्मा मोठा वाटतो.

टेपवर शेजारी शेजारी अनेक ट्रॅक घेता येऊ लागले आणि सगळं बिघडलं, किंवा सुरू झालं. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ मध्ये आठ ट्रॅकचं यंत्र आलं. आता गायक सोमवारी गाऊ शकत होता, ढोलकी गुरुवारी वाजू शकत होती आणि त्यांची भेट घडवून आणणं हे तिसऱ्याच माणसाचं काम झालं. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी गाऊन टाकली. चार वर्षांनी त्यांच्याच ‘सार्जंट पेपर’च्या मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेल्या, मिक्सिंगला सुमारे तीन आठवडे लागले. मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ची गोष्ट तर प्रत्येक स्टुडिओत कुणी ना कुणी सांगतं. १९८२ मध्ये ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी त्या एका गाण्याची ९१ मिक्स केली. शेवटी सगळ्यांनी बसून ऐकलं आणि निवडलं क्रमांक दोनचं.

म्हणजे नंतरची ८९ वाया गेली? तसं म्हणवत नाही. दुसरं बरं आहे हे कळायला पुढची करून बघावी लागली, इतकंच. पण ९१ ची गोष्ट नुसत्या चिकाटीची नाही. कान कसा बदलतो, त्याचीही ती गोष्ट आहे. कान ही मोजपट्टी वापरता वापरता ताणली जाते. अर्धा तास मोठ्याने ऐकलं की ऐकण्याची किमान पातळी तात्पुरती वर सरकते, आणि बारीक सूर पहिल्यांदा हरवतात. म्हणून थकलेला माणूस ट्रेबल वाढवत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गाणं कानात सुयांसारखं टोचतं. शिवाय चटावण्याचा भाग असतोच. एखादी चूक चाळीस वेळा ऐकली की ती गाण्याचा भाग वाटू लागते.

१९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी आणखी एक गंमत मोजून ठेवली. आवाज लहान ठेवला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. मधला, १,००० हर्ट्झचा सूर हळू बोलण्याच्या पातळीवर वाजत असेल, तर ५० हर्ट्झचा सूर तितकाच मोठा वाटावा म्हणून तो ३० डेसिबलहून अधिक जोरात वाजवावा लागतो. म्हणजे हजारपटीहून अधिक शक्ती. आवाज मोठा केला की हा फरक मिटत जातो. तात्पर्य, रात्री शेजाऱ्यांच्या धाकाने हळू आवाजात केलेलं मिक्स आणि दिवसा दणक्यात केलेलं मिक्स एकच माणूस, त्याच कानांनी करूनही, एकसारखं होत नाही. आणि मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. एकाच गाण्याच्या दोन प्रतींत एक डेसिबलचा फरक ठेवा. बहुतेक जण मोठ्या प्रतीला ‘हे साफ आहे’ म्हणतील. ढोलकीवाला शेजारी बसला असेल तर फेडर कुठल्या दिशेने जाणार, हे सांगायला नको.

म्हणून अनुभवी माणसं मिक्सिंगचे तास सलग घालत नाहीत. तासभर काम, मग बाहेर जाऊन चहा. रात्री बंद, सकाळी पहिलं ऐकणं. त्या पहिल्या दोन मिनिटांत जे दिसतं ते पुढच्या दोन तासांत दिसत नाही. आकड्यांत सांगायचं तर तयार ट्रॅकवर नुसता आवाज बसवायचा असेल तर दोन-तीन तास पुरतात. सगळी वाद्यं खरी असली की एक ते दोन दिवस. सिनेमाचं गाणं, मोठा वाद्यवृंद, दिग्दर्शकाची मर्जी, असं असलं की आठवडाही कमी. पण १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांची रांग लागते, नवरात्राआधी माहूरच्या रेणुकेच्या गाण्यांची, आणि तेव्हा दोन दिवसांचं काम एका रात्रीत होतं. त्यातले निम्मे तास तर मिक्सिंगचेही नसतात. पंख्याची घरघर, ओळीमध्येच शिरलेली मोटारसायकल, वीज गेल्यावर इन्व्हर्टरची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचे १००, १५० हर्ट्झचे वारस, हे सगळं एकेक करून उपटायचं असतं. सुरात नसलेला सूर सुरात आणायचा असतो. मिक्सिंग सुरू होतं तेव्हा माणूस आधीच दमलेला असतो.

आणि इतकं करून गाणं वाजणार कुठे? ऊस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, मिरवणुकीच्या गाडीवर, आणि सर्वांत जास्त खिशातल्या मोबाइलवर. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. साधारण २००-३०० हर्ट्झच्या खालचं त्याला काही बोलताच येत नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बऱ्याचदा १००-१५० हर्ट्झचा, ढोलकीचा घुमारा त्याच्याही खाली असू शकतो. म्हणजे मोबाइलमधून गायकाचा मूळ सूर बाहेर पडतच नाही. तरी आपल्याला भरदार पुरुषी आवाज ऐकू येतो. कसा?

मेंदू तो बनवतो. २००, ३०० आणि ४०० हर्ट्झचे सूर एकत्र आले की मेंदू हिशेब लावतो, हे सगळे १०० चे वंशज दिसतात, म्हणजे १०० इथे असलाच पाहिजे. आणि तो ऐकवतो. हवेत नसलेला सूर. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचं काही जात नसे, आणि तरी पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या पोरांना गावाकडून बापाचा खर्ज ऐकू यायचा, तो याच जमाखर्चावर. मिक्सिंग करणारे त्याचा धूर्तपणे उपयोग करतात. बेसच्या मूळ सुरावर हलकीशी खरखर चढवून त्याच्या दुपटी-तिपटीचे सूर मुद्दाम तयार करतात. मोबाइल ते वाजवतो आणि उरलेलं ऐकणाऱ्याचं डोकं पुरवतं. गंमत अशी की आपल्या वाद्यकारांनी वंशजांची ही व्यवस्था फार पूर्वी हाताने साधली होती. साध्या कातड्याच्या चकतीचे सूर अशा दुपटी-तिपटीत बसत नाहीत, म्हणून बहुतेक ढोल नुसते धडधडतात. तबल्या-पखवाजाच्या शाईचा लेप ते सूर ओढून जागेवर बसवतो, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच त्याबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. वारकऱ्यांच्या मृदंगाच्या दुसऱ्या तोंडाला कणीक लावतात, ती काढ-घाल करून माणूस बसल्या जागी आपला बेस ठरवत असतो.

मिरवणुकीच्या गाडीवर वेगळंच होतं. तिथे डावा-उजवा भेद बहुधा राहत नाही; दोन्ही एकत्र करून सगळ्या बॉक्सना सारखंच देतात. हेडफोनवर दोन्ही कानांत हौसेने फिरवलेला कोरस तिथे अर्धा विरघळतो, कारण त्या रुंदपणासाठी केलेल्या युक्त्या बेरजेत एकमेकींना खातात. म्हणून शहाणा माणूस मधून मधून बटण दाबून सगळं मोनोत ऐकतो. आणि कानांचं म्हणाल तर ८५ डेसिबल आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा कामगारांच्या कानांसाठीचा अमेरिकी हिशेब १०० डेसिबलला पंधरा मिनिटांवर येतो. मिरवणूक पंधरा मिनिटांत संपल्याचं ऐकिवात नाही.

एका कामाला मात्र अजिबात घाई करू नये असं मला वाटतं, ते म्हणजे जागा देणं. बंद खोलीत, गादीच्या आडोशाला गायलेल्या आवाजाला कुठलीच जागा नसते. त्याला घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, नंतर लावतात. पूर्वी तो ठरावीक असे. आता हवी ती वास्तू आणता येते. तिथे जाऊन फुगा फोडायचा, भिंतींनी दिलेलं उत्तर ध्वनिमुद्रित करायचं आणि गाण्याच्या प्रत्येक आकड्यावर त्या उत्तराचा गुणाकार करून सगळे मिळवत जायचं. औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत एक फुगा फोडला तर लातूरच्या गल्लीत गायलेला अभंग त्या कातळात गायल्यासारखा ऐकू येऊ शकतो. गाणाऱ्याला खरोशाला जायचीही गरज नाही.

आता या कथेला उलटा फाटा फुटला आहे. जी वजाबाकी फक्त मेंदूला जमत होती ती यंत्रं शिकू लागली आहेत. हजारो गाणी सुटी आणि मिसळलेली दोन्ही रूपांत ऐकवून संगणकाला निवड शिकवली जाते. २०१९ मध्ये तशी एक प्रणाली कुणालाही फुकट वापरता येईल अशी खुली झाली. जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकात घरी पियानोवर गाऊन ठेवलेल्या एका कॅसेटवर आवाज आणि पियानो एकजीव झाले होते. १९९५ मध्ये उरलेल्या बीटल्सनी त्यावर काम करून बघितलं आणि सोडून दिलं. यंत्राने आवाज सोडवून दिला आणि ते गाणं नोव्हेंबर २०२३ मध्ये बाहेर आलं, लेनन गेल्यानंतर जवळजवळ ४३ वर्षांनी. हेच तंत्र आज नांदेड-लातूरच्या डीजेंच्या लॅपटॉपवर आहे. जुन्या गाण्यातून गळा तेवढा काढायचा आणि त्याच्याखाली नवा बेस घालायचा, हे दोन मिनिटांचं काम झालं आहे. तो गळा ज्याचा आहे त्याला विचारलं का, हा प्रश्न सहसा मागेच राहतो.

पण यंत्र अडखळतं ते कुठे, ते बघण्यासारखं आहे. एका माइकवर घेतलेला जुना अभंग त्याला दिला तर पेटी बरीचशी वेगळी निघते, मृदंगही निघतो. टाळ निघताना मात्र गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ चे तुकडे सोबत ओढून नेतो, आणि ‘पंढरीश’मधला शेवटचा ‘श’ टाळाच्या ट्रॅकवर जाऊन बसतो. दोन्हींत ठरलेला सूर असा नाही. वरच्या पट्ट्यातली नुसती सळसळ. ब्रेगमन यांच्या खुणांपैकी दुपटी-तिपटीची खूण तिथे लागूच पडत नाही. आपण मात्र तो ‘श’ ऐकतो, कारण आपल्याला अभंग पाठ असतो.